आशियाई पदकाच्या आशेवर टेबल टेनिस सोडावे का?

नमस्कार. आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगा सतरा वर्षांचा आहे, अकरावीत शिकतो, ठाण्याकडून शालेय टेबल टेनिसमध्ये जिल्हा पातळीपर्यंत खेळला आहे आणि गेले वर्षभर मित्रांसोबत चौघांचा संघ करून बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, म्हणजे बीजीएमआय, हा फोनवरचा गोळीबाराचा खेळ खेळतो आहे. ई-स्पोर्ट्सला, म्हणजे अशा व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, आता आशियाई स्पर्धेत पदक आहे, पुढे ऑलिंपिकही येईल, म्हणून टेबल टेनिस बंद करून रोज सहा तास याच सरावाला द्यायचे, असे त्याचे म्हणणे आहे. वडील याला खेळ मानायलाच तयार नाहीत. आपण विचारले आहे की यात खरे काय, परवानगी द्यावी का, आणि त्यासाठी चाळीस हजारांचा फोन घ्यावा का.

मी मुंबईत अनेक वर्षे टेबल टेनिसचा पंच म्हणून काम केले आहे. पुढे महाविद्यालयीन आणि शहर पातळीवरच्या ई-स्पोर्ट्स स्पर्धांच्या नियमावल्या लिहिणे, त्या स्पर्धांत मुख्य पंच म्हणून बसणे आणि होतकरू संघांना सराव आखून देणे, हे माझे काम झाले. दोन्ही जगे आतून पाहिलेली असल्यामुळे मला असे वाटते की आपल्या घरातला वाद चुकीच्या मुद्द्यावर अडला आहे. हा खेळ आहे की नाही, हा प्रश्न आता जवळपास सुटला आहे. खरा प्रश्न असा आहे की पदक अस्तित्वात आले म्हणून त्या पदकापर्यंत नेणारी वाट ठाण्यातल्या एका मुलासाठी तयार झाली आहे का. त्याचे माझे उत्तर आहे: अजून नाही, आणि जी थोडीफार झाली आहे ती टेबल टेनिसच्या वाटेसारखी नाही.

आधी मुलाच्या बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. २०१८ च्या जकार्ता-पालेम्बांग आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रदर्शनीय प्रकार म्हणून होता आणि भारताच्या तीर्थ मेहताने हार्थस्टोन या पत्त्यांच्या व्हिडिओ गेममध्ये कांस्यपदक मिळवले होते. हांगझोऊची स्पर्धा नावाने २०२२ ची असली तरी प्रत्यक्षात २०२३ मध्ये झाली, आणि तिथे सात ई-स्पोर्ट्स प्रकारांना पूर्ण दर्जाची पदके होती. दक्षिण कोरियाच्या लीग ऑफ लेजेंड्स संघाने सुवर्ण जिंकले तेव्हा, त्या देशात आशियाई सुवर्णपदकाला असलेल्या नियमानुसार, खेळाडूंना सक्तीच्या लष्करी सेवेतून सूट मिळाली, म्हणजे धावपटूला आणि तिरंदाजाला जी मिळते तीच. आपल्याकडे केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांमधील प्रकार म्हणून मान्यता देऊन तो विषय क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. २०२५ मध्ये बिहारमधल्या खेलो इंडिया युवा स्पर्धेत तो प्रदर्शनीय प्रकार म्हणून खेळवला गेला, आणि २०२६ च्या आइची-नागोया आशियाई स्पर्धेच्या कार्यक्रमातही त्याला पदके आहेत. त्यामुळे वडिलांनी ‘हा खेळच नाही’ एवढ्यावर विषय संपवू नये. शरीर हलत नाही म्हणून तो खेळ नाही, हा मुद्दा नेमबाजीपुढे टिकत नाही. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये जे कांस्यपदक मिळवले, ते शरीर स्थिर ठेवण्याच्या कसबावरच मिळवले.

ऑलिंपिकचे मात्र तसे नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईतच, वांद्रे-कुर्ला संकुलात झाले. क्रिकेटला लॉस एंजेलिस २०२८ मध्ये प्रवेश मिळाला म्हणून ते आपल्या लक्षात राहिले. पण त्याच वेळी अध्यक्ष थॉमस बाख यांनी स्वतंत्र ‘ऑलिंपिक ई-स्पोर्ट्स गेम्स’ची शक्यता तपासायला सांगितल्याचे जाहीर केले होते. पुढच्या वर्षी पॅरिसच्या अधिवेशनात या गेम्सना मंजुरी मिळाली, सौदी अरेबियाशी बारा वर्षांची भागीदारी ठरली, पहिली स्पर्धा २०२७ मध्ये रियाधला होणार असे घोषित झाले, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती भागीदारी दोन्ही बाजूंनी संपवली. समितीने हा विषय सोडलेला नाही, नव्या पद्धतीने विचार करू असे म्हटले आहे. तरीही आज सतरा वर्षांच्या मुलाने आपले नियोजन ज्यावर बेतावे असे त्यात काहीही निश्चित नाही. आणखी एक गोष्ट त्याला सांगावी लागेल: ज्या खेळांत माणसे मारायची असतात त्यांना ऑलिंपिकमध्ये स्थान नाही, अशी भूमिका बाख यांनी स्पष्टपणे मांडलेली होती. हांगझोऊमध्येसुद्धा पबजी मोबाइलची (बीजीएमआय हे त्याचेच भारतातले रूप) खास आशियाई आवृत्ती खेळवली गेली आणि तीत खेळाडू एकमेकांवर नव्हे, तर लक्ष्यांवर गोळ्या झाडत होते. म्हणजे आपला मुलगा रोज जे कौशल्य घोटतो आहे, तेच्या तेच पदकाच्या मैदानावर लागेल असेही धरून चालता येत नाही.

आता मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा. टेबल टेनिस कोणाच्या मालकीचे नाही. बॅट बनवणारी कंपनी बंद पडली तरी खेळ चालूच राहतो. ई-स्पोर्ट्समधला प्रत्येक खेळ मात्र एका कंपनीची मालमत्ता असतो. त्याचे नियम, त्याच्या आवृत्त्या आणि तो कोणत्या देशात चालू राहील हे कंपनी आणि त्या देशाचे सरकार यांच्यात ठरते. तीर्थ मेहताने ज्या हार्थस्टोनमध्ये पदक मिळवले, तो खेळ हांगझोऊच्या पहिल्या यादीत होता. त्याची निर्माती कंपनी आणि तिची चिनी भागीदार यांच्यातला परवाना करार जानेवारी २०२३ मध्ये संपला आणि तो यादीतून वगळला गेला. त्यात खेळाडूंच्या गुणवत्तेचा प्रश्न कुठेच नव्हता. आपल्या मुलाच्या खेळाची कथा तर इथलीच आहे. पबजी मोबाइलवर सप्टेंबर २०२० मध्ये भारतात बंदी आली, जुलै २०२१ मध्ये तो बीजीएमआय या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अडवला गेला आणि मे २०२३ मध्ये परतला. त्या मधल्या महिन्यांत चांगले संघ मोडताना मी पाहिले आहेत; मुलांनी दुसरा खेळ धरला किंवा अभ्यासाला लागली, आणि जी परतली त्यांच्यातली बरीचशी पूर्वीच्या पातळीला पोचली नाहीत. हांगझोऊमध्ये पबजी मोबाइलला पदक असूनही भारताचा संघ त्या प्रकारात नव्हता. आपण लीग ऑफ लेजेंड्स, डोटा २, फुटबॉलचा एफसी ऑनलाइन आणि स्ट्रीट फायटर या चार प्रकारांत उतरलो होतो. देशात सर्वाधिक खेळला जाणारा स्पर्धात्मक खेळ आणि देशाने पाठवलेला संघ यांची गाठ पडली नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

दुसरा फरक शिडीचा आहे. कबड्डी १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत प्रदर्शनीय होती आणि १९९० मध्ये बीजिंगला पदकाचा खेळ झाली. पण त्याआधी कितीतरी वर्षे लालबाग, परळ, नायगावची मंडळे संध्याकाळी मातीत सराव करत होती, जिल्हा संघटना होत्या, निवड चाचण्या होत्या. पदक वर आले तेव्हा खाली सगळे उभे होते. ई-स्पोर्ट्समध्ये उलटे झाले आहे: पदक आधी आले आणि तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी उतरंड अजून बांधायची आहे. आपला मुलगा टेबल टेनिसमध्ये जिल्ह्यापर्यंत गेला तो जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या स्पर्धांमधून, ठरलेल्या वयोगटात, पंचांच्या नोंदीसह, आणि त्याचे प्रमाणपत्र आपल्या कपाटात असेल. बीजीएमआयमध्ये तो ज्या स्पर्धा खेळतो त्यांतल्या बहुतेक खासगी आयोजकांच्या असतील. काही उत्तम असतात, काहींचा आयोजक बक्षीस द्यायच्या वेळी फोन उचलत नाही. दहावी-बारावीचे वाढीव क्रीडागुण आणि शासकीय नोकरीतले पाच टक्के खेळाडू आरक्षण मान्य खेळांच्या यादीनुसार आणि ठरलेल्या स्तराच्या प्रमाणपत्रांवर मिळते. त्या हिशेबात ई-स्पोर्ट्स धरू नका, आणि शाळा-महाविद्यालयात कोणी धरा म्हणाले तर ते लेखी मागा.

इथे काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत. मुलाचा संघ खुल्या पात्रता फेऱ्यांमध्ये किती पुढे जातो? सरावसामने, ज्यांना मुले ‘स्क्रिम’ म्हणतात, ते त्याला कोणत्या पातळीच्या संघांसोबत मिळतात? सोळा संघांच्या लॉबीत, म्हणजे एका सामन्यात, तो सातत्याने पहिल्या पाचांत येतो, की एखाद्या दिवशी जिंकतो आणि एरवी तळाला असतो? मित्रांचा संघ म्हणजे वर्षभर तेच चौघे आहेत, की दर महिन्याला कोणी निघून जातो? याची उत्तरे चांगली असतील तर माझा सल्ला थोडा सैल होईल. तो फक्त रँक, म्हणजे खेळात मिळालेली श्रेणी, दाखवत असेल तर नाही. रँक हा घातलेल्या वेळेचा पुरावा असतो, आणि स्पर्धेत तो कोणी विचारत नाही.

वडिलांनी एकदा त्याच्याजवळ बसून पूर्ण सामना पाहावा, असे मी मनापासून सुचवतो. दोन्ही अंगठे पडद्यावर आणि दोन्ही तर्जन्या फोनच्या वरच्या कडेवरून आत वळलेल्या, अशी ती पकड असते. मुले तिला ‘क्लॉ’ म्हणतात. डावा अंगठा चालवतो, उजवा नेम फिरवतो, तर्जन्या गोळी झाडतात आणि नेम जवळ आणतात. मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत बोट पडद्यावर अडखळते म्हणून अंगठ्यांवर पातळ कापडी स्लीव्ह असतात, आणि फोन तापून चित्र अडकू नये म्हणून त्याच्या पाठीला छोटा पंखा लावलेला असतो. सामना साधारण अर्ध्या तासाचा, आणि स्पर्धेच्या दिवशी असे पाच-सहा सामने लागोपाठ. पंचाच्या खुर्चीवरून मी पाहतो की थकवा बोटांत दिसायच्या आधी बोलण्यात दिसतो. पहिल्या सामन्यात मुलगा सांगतो, ‘दोनशे चाळीसवर, पिवळं घर, दुसरा मजला, दोघं आहेत, एक नॉक’. चौथ्या सामन्यात तोच मुलगा नुसते ‘समोर, समोर’ ओरडतो, आणि संघाचे नेतृत्व करणाऱ्याला, म्हणजे आयजीएलला, त्यावरून काहीच ठरवता येत नाही. संघ तिथे हरतो. चौथ्या सामन्यातही पूर्ण वाक्य बोलता येणे झोप, श्वास आणि एकूण दमसास यांवर अवलंबून असते, फोनवर घालवलेल्या आणखी दोन तासांवर नाही.

म्हणूनच टेबल टेनिस सोडण्याच्या मी विरुद्ध आहे, आणि यात माझा जुन्या खेळाविषयीचा जिव्हाळा बोलतो आहे असे कृपया समजू नये. गुण गेल्यावर पुढच्या सर्व्हिसपर्यंतच्या काही क्षणांत मन जागेवर आणणे हे टेबल टेनिस शिकवते, आणि बीजीएमआयच्या खेळाडूंत नेमकी त्याचीच उणीव असते. शिवाय शरीराचा प्रश्न आहे. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटात आणि मानेत दुखणे घेऊन येणारी वीस वर्षांच्या आतली मुले मी नेहमी पाहतो. जागतिक पातळीवर गाजलेला चीनचा लीग ऑफ लेजेंड्स खेळाडू उझी याने २०२० मध्ये, वयाच्या तेविसाव्या वर्षी, प्रकृतीच्या कारणाने निवृत्ती जाहीर केली होती. त्यात मधुमेह आणि हाताची दुखापत दोन्ही होती. याच्या दुसऱ्या टोकाला, हांगझोऊमध्ये स्ट्रीट फायटरचे सुवर्ण जिंकणारा कोरियाचा किम ग्वान-वू चव्वेचाळीस वर्षांचा होता. शरीर सांभाळले तर हा खेळ विशीत संपायलाच हवा असे नाही, आणि ‘आत्ताच सगळे सोडले नाही तर उशीर होईल’ ही भीती खरी नाही.

सहा तासांबद्दल तर खेळानेच उत्तर दिलेले आहे. मे २०२३ मध्ये बीजीएमआय परतला तेव्हा अठरा वर्षांखालील खेळाडूंसाठी दिवसाला तीन तास आणि प्रौढांसाठी सहा तास अशी मर्यादा घालण्यात आली. सतरा वर्षांचा मुलगा सहा तास खेळत असेल तर तो बहुधा घरातल्या कोणा मोठ्याच्या नावाच्या खात्यावर खेळतो आहे. हे आजच तपासा. गंभीर स्पर्धेत ओळखपत्र आणि खाते जुळवून पाहिले जाते, आणि दुसऱ्याच्या खात्यावर खेळणारा खेळाडू एकटा बाद होत नाही, त्याच्या संघालाही घेऊन जातो. सचोटीच्या बाबतीत हे क्षेत्र आता फार कठोर झाले आहे, आणि व्हायलाच हवे. २०१८ मध्ये शांघायच्या एका काउंटर-स्ट्राइक स्पर्धेत भारतीय संघातला एक खेळाडू नेम साधून देणारे बेकायदा सॉफ्टवेअर वापरताना सामना चालू असतानाच पकडला गेला. संघ बाद झाला आणि त्याच्या निर्दोष सहकाऱ्यांचीही वाट तिथे थांबली. आशियाई स्पर्धेत तर उत्तेजक चाचणीही लागू असते, त्यामुळे सर्दीची गोळीसुद्धा विचारून घ्यावी लागते. पारंपरिक खेळांच्या पंगतीत बसायचे म्हणजे हे सगळे स्वीकारायचे, आणि मुलाला पदकाची गोष्ट सांगताना हीही सांगितली पाहिजे.

मग करायचे काय? मी माझ्याकडे येणाऱ्या अकरावी-बारावीच्या मुलांना जी आखणी देतो ती अशी. टेबल टेनिस आठवड्यातून तीन दिवस चालू राहील. बीजीएमआयला दिवसाचे दोन ते तीन तास, तेही संघासोबत आणि ठरलेल्या वेळी. त्यातला निम्मा वेळ सामने आणि उरलेला आपल्याच सामन्यांचे रेकॉर्डिंग पाहून चुका लिहिण्यात. वहीत लिहायचे, मनात ठेवायचे नाही. जो मुलगा हे लिहायला कंटाळतो त्याला खेळ आवडतो, पण स्पर्धा आवडत नाही, आणि हा फरक दोन-तीन महिन्यांत घरच्यांनाही कळतो. सरावसामने बहुतेक संध्याकाळी आणि रात्री असतात, त्यामुळे रात्री अकराच्या पुढचे सामने घ्यायचे नाहीत असे संघातच ठरवून घ्यावे. बारावीची परीक्षा होईपर्यंत हीच मर्यादा ठेवावी, आणि अठरा पूर्ण झाल्यावर त्याच्या संघाची कामगिरी समोर ठेवून पुन्हा बसावे. तोपर्यंत त्याला एखाद्या महाविद्यालयीन महोत्सवातल्या स्पर्धेत स्वयंसेवक म्हणून पाठवा. पंच, निरीक्षक, समालोचक, विश्लेषक ही कामे त्याला दिसतील. मला तरी तीच या क्षेत्रातली जास्त टिकाऊ कामे वाटतात.

पैशांबाबत दोन सूचना आहेत. २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा जो कायदा केला, त्यात ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन आहे आणि पैसे लावून खेळायच्या खेळांवर बंदी आहे. स्पर्धेची नोंदणी फी वेगळी. पण वीस-पन्नास रुपये प्रत्येकी भरायचे आणि जिंकणाऱ्याने ते उचलायचे, अशा ज्या ‘पेड रूम’ मुलांच्या गटांत चालतात, त्यांपासून त्याला पूर्ण दूर ठेवा. आणि कोणत्या संघसंस्थेने, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘ऑर्ग’ने, करार पुढे केला तर लक्षात ठेवा की अठरा वर्षांखालच्या मुलाची सही कायद्याने बांधील ठरत नाही, म्हणून सही आपल्याकडून मागितली जाईल. मुदत किती, बक्षिसातला वाटा किती, मध्येच सोडायचे तर भरपाई किती, आणि त्याच्या यूट्यूब वाहिनीचे उत्पन्न कोणाचे, ही चार कलमे वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका. करार व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून ‘आज रात्रीपर्यंत कळवा’ म्हणणाऱ्याला नकार कळवावा.

राहिला फोन. चाळीस हजारांची आज गरज नाही. सध्याच्या फोनवर खेळ स्थिर चालतो का आणि इंटरनेटचा पिंग, म्हणजे प्रतिसादाला लागणारा वेळ, सामन्यात वर-खाली होतो का, हे आधी पाहा. पुष्कळदा दोष फोनचा नसतो, घरातल्या वायफायचा राउटर दोन भिंतींपलीकडे असतो, आणि तो हलवून काम भागते. एवढे करूनही फोनच कमी पडत असेल तर संघाने एखाद्या खुल्या स्पर्धेची प्राथमिक फेरी ओलांडल्यावर घ्या, आणि स्पर्धेच्या नियमावलीत कोणती उपकरणे चालतात ते वाचून घ्या. टॅब्लेट अनेक ठिकाणी चालत नाही. मुलाच्या संघाचे अलीकडच्या स्पर्धांचे निकाल आणि त्याच्या सरावाचे सध्याचे वेळापत्रक इथे लिहिलेत, तर आठवड्याची आखणी मी अधिक नेमकी सांगू शकेन.